बिनविरोधांच्या मुलखात

बारामती

आमच्या संगमेश्वराकडे एखाद्या वाडीत दोन घरं असली तर पक्ष तीन असतात. तिसरा पक्ष कुणाचा, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण तो असतो, आणि कोर्टात पहिली तारीख त्याचीच लागते. भजनी मंडळाचा टाळ कुणी धरायचा यावरून आमच्या वाडीत मतदान झालं, मग फेरमतदान झालं, आणि तो टाळ अजून पोलीस पाटलाच्या माळ्यावर धूळ खातोय. अशा मुलखातून उठून मी बारामती-इंदापूरकडे गेलो होतो, शिक्षकांना शिकवायला. खोटं मी सांगत नाही. कोकणातला माणूस खऱ्याला फक्त जरा वाढतं माप देतो, एवढंच.

बारामतीचे रस्ते इतके रुंद आणि गुळगुळीत, की आपण एसटीत बसलोय यावर माझ्या गुडघ्यांचा विश्वासच बसेना. आणि आकाश? आमच्याकडे आकाश फणसाच्या फांद्यांमधून हप्त्याहप्त्यानं मिळतं. इथं ते एकरकमी अंगावर आलं. पहिल्या दिवशी मी मान खाली घालूनच चाललो. चहाबद्दल तर बोलायलाच नको. साखर कारखान्यांच्या या मुलखात चहात साखर घालत नाहीत, साखरेला चहा दाखवतात. पहिल्या कपात चमचा उभा राहिला. दुसऱ्या कपात, शपथेवर सांगतो, मी उभा राहिलो असतो.

काम असं होतं. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनी पाठाचं टाचण काढायचं ते माहितीवरून नव्हे, संकल्पनेवरून. ग्रामपंचायतीत सदस्य किती असतात, ही झाली माहिती. ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जाते. ‘माझ्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं, तर त्याला तो हक्क कुणी दिला?’ ही झाली संकल्पना. ती एकदा पोराच्या डोक्यात शिरली, की ते घरातल्या थोरामोठ्यांना सुखानं जेवू देत नाही. मी हे मोठ्या आवाजात सांगितलं. सभागृहातल्या पंख्यांनी वेग घेतला. शिक्षकांनी वह्यांत ‘सुखानं जेवू देत नाही’ इथपर्यंत सगळं लिहून घेतलं.

मग म्हटलं, बोलणं पुरे, अनुभव घ्या. प्रत्येक टेबलानं आपला गटनेता निवडायचा. मतदान गुप्त. मी घरून चपलांची रिकामी खोकी आणली होती, वर फट पाडून, कागद चिकटवून. कोकणातून बारामतीपर्यंत मांडीवर घेऊन आलो होतो त्यांना. ती टेबलांवर ठेवली आणि चहाला बाहेर गेलो. परत येतो तो टाळ्यांचा कडकडाट.

“झालं सर!” खरात सर म्हणाले. हे तालुक्याचे साधनव्यक्ती, म्हणजे शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना मदत करणारे. पोट पुढं, हसू त्याच्याही पुढं.

“मतदान झालं?”

“मतदान कशाला? सगळी टेबलं बिनविरोध.”

मी खोकी हलवून पाहिली. आत हवा.

“आणि हे पाटील सर उभे राहणार होते ना?”

“ते इच्छुक होते. त्यांना उपनेता केलं.”

“या बाई?”

“त्या नाराज होत्या. त्यांना स्वीकृत सदस्य घेतलंय.”

“अहो, पण मतदानाचा अनुभव घ्यायचा होता!”

“सर,” खरात सर शांतपणे म्हणाले, “तो अनुभव आम्हाला भरपूर आहे. म्हणूनच बिनविरोध केलं.”

सभागृह हसलं. मीही हसलो, कारण हसण्यावाचून काही सुचत नव्हतं. आमच्याकडे माणूस हरलेल्या खटल्यातून माघार घेत नाही. इथं लोक न लढलेल्या निवडणुकीतून हसतहसत माघार घेत होते, आणि एकमेकांना पेढ्याचा आग्रह करत होते. पेढे कुठून आले, हे मला आजही ठाऊक नाही.

मागच्या टेबलावर एक बाई मात्र हसत नव्हत्या. वैशालीबाई. इंदापूर तालुक्यात, कळसच्या अलीकडं, माळावर एक सातवीपर्यंतची शाळा आहे, तिथल्या. पेनाचं टोपण काढायचं, घालायचं, काढायचं, असं त्यांचं चाललं होतं.

“सर,” त्या म्हणाल्या, “आमच्या टेबलावर माझंही नाव सुचवलं होतं. मी मागे घेतलं.”

“का हो?”

“कुणी काही म्हणालं नाही. सगळे नुसते माझ्याकडं बघायला लागले.”

हसू हळूहळू विझलं. त्यांच्याच टेबलावरच्या एका सरांनी पेढा परत खोक्यात ठेवला.

“यावर पाठ बसवता येईल का?” वैशालीबाईंनी विचारलं. “आमच्या शाळेत या सत्राचं मुलांचं मंत्रिमंडळ अजून निवडायचंय. दर वेळी ते बिनविरोधच होतं.”

दुसरा दिवस आम्ही इंदापूरला होतो, आणि तो सगळा त्यांच्या टाचणात गेला. संकल्पना, संमती. मूळ प्रश्न त्यांनी तीनदा खोडला आणि शेवटी लिहिला: ‘सगळे गप्प बसले, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे का?’ मी इतकी वर्षं शिकवतोय. एवढ्या थोड्या शब्दांत मला तो मांडता आला नसता. मला थोड्या शब्दांत काहीच मांडता येत नाही, हे एव्हाना वाचणाऱ्यांनी ओळखलं असेलच. त्यांचा पाठ बाकीच्यांसाठी नमुना म्हणून बघायचा, असं ठरलं. बघायला मी आणि खरात सर जाणार होतो.

सणसर

संध्याकाळी खरात सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांच्या घरी सणसरला निघालो. कारखान्याचा हंगाम नुकता सुरू झालेला. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीवर गाणी एवढ्या मोठ्यानं, की पुढचा ऊस आपोआप रस गाळत असावा. एका ट्रॉलीतून बाहेर आलेलं उसाचं टिपरू माझ्या छातीत असं बसलं, की मी भाल्यानं पडलेल्या योद्ध्यासारखा मागे झुकलो. पडलो नाही. टिपरू हातात आलं. खरात सर गाडी न थांबवता म्हणाले, “खा की मग!” सणसर येईपर्यंत मी तो भाला खाऊन संपवला.

खरातांच्या आईंनी शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या. सोबत बाजरीची भाकरी आणि ठेचा. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ आली. त्या वाफेनं समोरचा आरसा धुरकटला.

“पावणं, सोसंना व्हय?” मावशी म्हणाल्या.

“सोसतंय मावशी. डोळ्यांना सवय नाही.”

“कोकनात काय खाता म्हनं? भातच?”

“सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात.”

“आन् मग भूक कवा लागती?” त्यांनी मनापासून विचारलं, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

जेवण झाल्यावर खरात सर अंगणात हात धुताना हळू आवाजात बोलले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“सर, उद्या तितं जरा सांभाळून घ्या. शाळा समितीचे अध्यक्ष आबा येणार आहेत. माणूस देवासारखा. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, शाळेला पाणी त्यांच्या बोअरचं. त्यांचा नातू सातवीत आहे, शिवराज. या वेळी मुख्यमंत्री तो होणार, हे सगळ्यांनी धरलेलंच आहे.”

“मग?”

“मग काही नाही. पाठ झाला की तुम्ही कोकणात जाणार. वैशालीबाईंना तितंच राहायचंय.”

या वाक्याला मी काही वाढतं माप देऊ शकत नाही. ते होतं तेवढंच पुरेसं जड होतं.

माळ

सकाळी थंडी अशी, की बोलताना तोंडातून निघालेले शब्द वाफ होऊन आधी दिसत आणि मग ऐकू येत. उसाचे हिरवे तुकडे मागे पडत गेले आणि कळसच्या बाजूला जाताजाता माळ लागला. पिवळं गवत, बाभळी, लांबवर कुणाची तरी उरलेली चार मेंढरं. या भागातल्या कितीतरी घरांनी कधीकाळी कळप राखले. आता कुणाची थोडी शेती, कुणाचा टेम्पो, कुणी लोणी देवकरला कंपनीत. शाळा माळाच्या काठावर. तीन खोल्या, पुढं पत्र्याखाली ओटा, एक चिंच, एक नळ. मागच्या बाजूला विटांची मुलींची मुतारी. चौकट होती, दार नव्हतं. चौकटीला एक गोणपाट टांगलेलं, अर्धं वाऱ्यावर.

वैशालीबाईंनी फळ्यावर प्रश्न लिहून ठेवला होता. पाचवी ते सातवीची पोरं एकत्र बसलेली. बाईंनी विचारलं, मुख्यमंत्री कोण होणार? “शिवराज!” एकदम सगळे. शिवराज हा एक लाजाळू, दांडगा मुलगा. तो उभा राहिला आणि कान खाजवायला लागला.

“आणखी कुणी?”

मग खिडकीशी बसलेली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, स्वेटरचं कोपर उसवलेलं. प्रतीक्षा.

“मी.”

पोरांनी माना वळवल्या. बाई म्हणाल्या, दोघांनी बोला, का निवडून द्यायचं ते सांगा. शिवराज म्हणाला, “मला निवडून द्या.” थांबला. “क्रिकेटची बॅट आनू.” बसला.

प्रतीक्षा बोलली तेव्हा तिनं हात पाठीमागं धरले होते. “माझं आजोबा मेंढरं राखायचं. आता आमची मेंढरं न्हाईत. पप्पा कंपनीत जात्यात. मला मुख्यमंत्री व्हायचंय, कारन मुख्यमंत्र्याला समितीच्या बैठकीत बोलायला मिळतं. मी सांगीन, पोरींच्या मुतारीला दार लावा. मोठ्या पोरी दुपारच्या सुट्टीत घरी जात्यात आन् परत येत न्हाईत. त्यांचं गनित बुडतं.”

मुलं खिदळली. मुली जमिनीकडं बघायला लागल्या. मी मात्र खिडकीतून त्या गोणपाटाकडं पाहिलं, आणि मला एकही विनोद सुचला नाही.

बाईंनी सांगितलं, मतदान जेवणाच्या सुट्टीनंतर.

सुट्टीत आबा आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि सरळ पाठ अशी की तिच्यावर फूटपट्टी तपासून घ्यावी. आमच्यात ओट्यावर बसून त्यांनी पोरांचीच खिचडी खाल्ली. मी कोकणचा म्हटल्यावर त्यांनी आंब्याची चौकशी केली, पावसाची केली, आणि “तुमच्यात पानी एवडं, तर भांडनं कशावरनं?” असंही विचारलं. मी म्हटलं, “आबा, पाणी आहे म्हणून तर भांडायला ताकद आहे.” ते मोठ्यानं हसले. मला माणूस आवडला. आवडला म्हणूनच पुढचं सांगणं कठीण आहे.

एवढ्यात चिंचेखालून ओरडा झाला. पोरांचा लोंढाच आला. शिवराज मध्ये, कपाळभर गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. गुलाल कुणाच्या तरी दप्तरात होता. का होता, हे विचारू नका, त्या मुलखात दप्तरात कंपासपेटी नसली तरी गुलाल असतो.

“बाई, बिनविरोध झालं! प्रतीक्षानं माघार घेतली!”

“तिला आरोग्यमंत्री केलीया!”

प्रतीक्षा सगळ्यांच्या मागे होती. तिच्याही कपाळावर गुलालाचं एक बोट होतं, कुणीतरी लावलेलं.

आबांनी समाधानानं हात पुसले. “बगा पावणं, असं असतं आमच्यात. तुमाला वाटंल दडपशाही हाय. न्हाय. माझ्या तरन्यापनी सोसायटीला इलेक्शन लागलं हुतं. सख्खं भाऊ दोन बाजूला. दहा मतांनी एक पडला. पन पाटाचं पानी पडलेल्याच्या बांधावरनं जिंकलेल्याच्या रानात जायचं. त्यानं बांध बंद केला. उभा ऊस वाळला. भाऊ एकमेकांच्या मयताला गेलं न्हाईत. तवापसनं आमी ठरीवलं, मत म्हंजी एकाला तोंडावर न्हाय म्हननं. आन् ज्याच्याकडनं पानी घ्यायचं त्याला न्हाय कसं म्हनायचं?”

यावर मी गप्प बसलो. माझ्यासारख्या माणसानं गप्प बसणं म्हणजे अरबी समुद्रानं दुपारची सुट्टी घेणं. आमच्या वाडीतला टाळ माळ्यावर धूळ खातोय हे मी मघाशी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यापायी आमच्याकडे भजन बंद पडलं, हे सांगितलं नव्हतं.

वैशालीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आबांचं बोलणं ऐकलं होतं. आता त्यांना दोनच वाटा होत्या. फळा पुसून दुसरं काही घ्यायचं, किंवा फळ्यावरचा प्रश्न या क्षणी, आबांसमोर, पोरांना विचारायचा. खरात सरांनी त्यांच्याकडं बघून मान अगदी किंचित हलवली: नको. मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडं बघायला लागलो आणि रत्नागिरी जिल्हा जागेवर आहे का, याची खात्री करून घेतली.

बाईंनी पदर खोचला. “सगळे बाहेर चला,” त्या म्हणाल्या. “पाठ अजून संपलेला नाही.”

अंगणात त्यांनी सांगितलं, “आत्ता जी निवड झाली, ती सगळ्यांच्या मनासारखी झाली, असं ज्याला वाटतं त्यानं चिंचेखाली जायचं. नाही वाटत त्यानं नळाजवळ. बोलायचं काही नाही. नुसतं जायचं.” मग ओट्याकडं वळून, “आबा, तुम्ही बसा. तुमच्यासमोरच हे व्हायला पाहिजे.”

पोरं चिंचेकडं पळाली. झुंडीनं. जाताना एकदा ओट्याकडं बघत. मुली गेल्या, प्रतीक्षाही गेली. नळाजवळ एक कोंबडी उभी होती, तेवढीच. आबांच्या मिशा हसायला लागल्या होत्या.

आणि मग चिंचेखालून कुणीतरी परत चालायला लागलं. झेंडूची माळ, गुलाल. शिवराज.

“आरं, तू कुठं?” पोरं ओरडली. “तू तर निवडून आलायस!”

तो नळाजवळ जाऊन उभा राहिला. कान खाजवला नाही.

“शिवा?” आबा ओट्यावरून म्हणाले. आवाजात राग नव्हता. नुसतं न कळणं होतं.

“मला व्हायचं न्हाय, आबा. मला चारचौघांत बोलाया येत न्हाय. माज्या पोटात गोळा येतो.” तो थांबला. “मला कुनी इचारलंच न्हाय.”

माळावर वारा होता, पण मला तो त्या वेळी ऐकू आला नाही. आधी एक बारकी पोरगी गेली नळाकडं. मग प्रतीक्षा. मग दोन-दोन, तीन-तीन करत पोरं निघाली. चिंचेखाली थोडीच उरली, आणि ती खरोखरच तिथली होती, कारण आता ती ओट्याकडं बघत नव्हती.

बाईंनी एवढंच म्हटलं, “मघाशी सगळे गप्प होते. आत्ताही कुणी बोललं नाही. काय बदललं?”

“आमाला उभं राहायला जागा दिली,” एक मुलगा म्हणाला. बाईंनी ते वाक्य परत म्हणवून घेतलं. ते टाचणात नव्हतं. माझ्या कुठल्याच टाचणात कधी नव्हतं.

पण आता नवीच पंचाईत झाली. शिवराजनं माळ काढून नळाच्या तोटीला अडकवली, आणि पोरं लगेच ओरडली, “मग प्रतीक्षा! प्रतीक्षा बिनविरोध!” गुलालवाला दप्तराकडं धावला. मी मनात म्हटलं, संपलं, मुलखाचं पाणीच तसं आहे.

प्रतीक्षानं दोन्ही हात पुढं केले. “बिनविरोध नको! गुलाल लावू नगं मला. कुनीतरी उभं ऱ्हावा की माज्यासमोर.”

कुणी हलेना. ती शिवराजसमोर जाऊन उभी राहिली.

“तूच ऱ्हा.”

“आगं, आत्ता तर म्हनलो, मला येत न्हाय.”

“मग हरशील. त्यात काय? मघाशी तुला कुनी इचारलं न्हवतं. आत्ता मी इचारतीया. ऱ्हातोस का?”

त्यानं तोटीवरच्या माळेकडं पाहिलं. “ऱ्हातो,” म्हणाला.

“पन एक हाय,” प्रतीक्षा म्हणाली. “कुनीबी हरलं तरी शाळंचं पानी बंद करायचं न्हाय.”

खरात सरांनी डोळे मिटून घेतले. वैशालीबाई जागच्या जागी थांबल्या. सगळ्या पोरांनी एकदम ओट्याकडं पाहिलं. आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. त्या मधल्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर उसाची ती वाळलेली उभी रानं दिसत होती, आणि दोन भाऊ.

“न्हाय करत,” आबा म्हणाले. मग सावकाश, जणू स्वतःलाच, “पोरांच्या पान्याला कोन हात लावंल?”

मतदान झालं. मोटारसायकलला बांधून आणलेली माझी चपलांची खोकी अखेर कामाला आली. मुलांनी भिंतीकडं तोंड करून चिठ्ठ्या लिहिल्या आणि टाकल्या. बाईंनी एकेक चिठ्ठी वाचली, पोरांनी फळ्यावर रेघा मारल्या.

प्रतीक्षा हरली. थोडक्यात नव्हे, चांगली हरली. पोरांना शिवराज पहिल्यापासून आवडायचा, आणि ‘मला बोलाया येत न्हाय’ हे त्यानं इतकं छान बोलून दाखवलं होतं, की त्याच्यावरच मतं पडली. मला कोकणातली रीत माहीत होती. आता फेरमतमोजणी मागायची, खोकं बदललं म्हणायचं, निदान रडायचं. प्रतीक्षानं वेणी पाठीमागं टाकली. फळ्यावरच्या आपल्या रेघा बोटानं मोजल्या. परत मोजल्या.

“एवड्या जनांना दार पायजे हाय,” ती म्हणाली. मग वळली. “शिवराज, दाराचं काय?”

“आँ?”

“तू मुख्यमंत्री हायस. दाराचं काय?”

शिवराज बाईंकडं बघायला लागला. मग त्यानं घसा साफ केला, ओट्यापाशी गेला. एक हात पोटावर होता.

“आबा,” तो म्हणाला, “दाराचं काय?”

आबा उठले. मागच्या बाजूला वळून त्यांनी त्या चौकटीकडं पाहिलं. या ओट्यावर ते किती वेळा बसले असतील; पण ओट्याचं तोंड पुढं आहे. मग त्यांची नजर मुलींच्या घोळक्यावर आली आणि एका मुलीवर थांबली. शिवराजची बहीण सानिका, सहावीतली. पाहुणे येणार म्हणून ती आज दुपारी थांबली होती.

“सानू,” आबा म्हणाले, “तू रोज दुपारनं घरी येतीस. तुझी आय सांगती, पोरीचं पोट दुखतंया. मी वैद्याकडनं चूर्न आनून दिलं तुला. घेतीस न्हवं?”

सानिका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. उत्तर द्यायला तिला कुणी भाग पाडलं नाही. प्रतीक्षा नुसती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“पोट न्हाय दुखत, आबा,” सानिका म्हणाली.

अंगण ओलांडून आबा मागं गेले. आम्ही कुणी त्यांच्यामागं गेलो नाही. लांबूनच दिसलं: त्यांनी गोणपाट ओढलं, ते कुजकं होतं, हातातच आलं. ते त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. मग अंगठा आणि करंगळी ताणून चौकटीच्या तळाशी हात लावला आणि वीत-वीत करत वरपर्यंत मोजत गेले. मधेच माप चुकलं असावं. ते परत खाली वाकले आणि पहिल्यापासून मोजू लागले.